आप्पांची चाल

मला गावातली सतरा-अठरा माणसं चालता येतात. बोलता तर येतातच, ते काय कुणालाबी जमतं. चालणं अवघड. सोसायटीचे चेअरमन निघाले की आधी पोट पोचतं आन् मागनं ते येतात. शाळेतले पीटीचे सर दर दहा पावलांवर खिशातली शिट्टी चाचपायचे, हाय का पडली. पोस्टमननं सायकल सोडून पाच वर्षं झाली, पण मान अजून हँडलवर वाकल्यासारखीच. हे असलं सगळं मी शाळेच्या गॅदरिंगपासनं करत आलोय. आता कंपनीत लागलो, कारेगावात चौघांत मिळून खोली घेतली, तरी सुट्टीला वडगावला आलो की पोरं म्हणतात, "लाव की एखादं माणूस." जसं टीव्हीवर चॅनल लावावं तसं. मी लावतो. मी सगळ्यांना सांगायचो, माणूस बोलताना खोटं बोलतो, चालताना त्याला जमत न्हाई.

माझं सगळ्यात जास्त मागणी असलेलं माणूस म्हंजी आप्पा.

आप्पा माझ्या वडलांचे थोरले भाऊ. बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आले. गावाला हवालदार, नाईक असलं काय कळत न्हाई. आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच. मधली काही वर्षं आप्पा ट्रेनिंग सेंटरला होते, नव्या पोरांना कवायत शिकवायला. तिथं त्यांना उस्ताद म्हणायचे. ते उस्तादपण घरी आल्यावरबी गेलं न्हाई. बैल औताला जुंपताना डावा-उजवा चुकला तरी ते सोडायचे न्हाईत, आधी बैल बदलायचे, मग औत हलायचं.

त्यांच्या कमरेत दुखणं हाय, एवढं घरात सगळ्यांना ठावं होतं. किती हाय ते कुणालाच न्हवतं. मी पाचवीत असताना पंधरा ऑगस्टला त्यांना शाळेत बोलावलं होतं. झेंडावंदन झालं, आप्पा ताठ उभे राहिले, आमच्या हेडमास्तरांपेक्षा वीतभर उंच दिसले. मग सर म्हणाले, विचारा काही. मी हात वर केला. घरचाच माणूस, भीती कसली. विचारलं, तुम्हाला गोळी कुठं लागली. आप्पा म्हणाले, गोळी न्हाई लागली, डोंगरात रसद उतरवत होतो, ट्रकचा मागचा फाळका निसटला आन् पाठीवर पडलो. पुढं बसलेल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. फाळक्यावरनं तर आमच्या गावात दर मार्केटच्या दिवशी कुणी ना कुणी पडतं. त्यानंतर आप्पांना शाळेत कुणी पुन्हा तसलं विचारलं न्हाई, आन् त्यांनीबी फाळक्याचं नाव काढलं न्हाई. त्या झेंडावंदनानंतर दोन दिवस ते आडवे होते, हे मला आता आठवतं. तवा मला वाटलं होतं, फौजी माणूस, सुट्टी घेतलीय.

लग्नाकार्यात पंगत बसली की आप्पा बसायचे न्हाईत. वरणाची बादली घ्यायचे आन् वाढायला लागायचे. पहिल्या पंगतीपासनं शेवटच्या पंगतीपर्यंत. सगळ्यांचं आटोपलं की पातेल्यांपाशी उभ्यानंच चार घास खायचे. पाव्हणे म्हणायचे, मेजर म्हंजी सेवाभावी माणूस बघा, फौजेची शिस्त. माझी आईबी आम्हाला तेच सांगायची, जरा आप्पांकडनं शिका. त्यांना खाली मांडी घालून बसताच येत न्हाई, बसले तर उठता येत न्हाई, हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. आप्पांनी ते बादलीमागं झाकून ठेवलं होतं.

आता चपलेचं सांगतो.

दिवाळीचे दिवस होते. मी आमच्या ओट्यावर बसलो होतो. आमचं आन् आप्पांचं अंगण एकच, ओटे समोरासमोर. आप्पा हौदावरनं हातपाय धुऊन माझ्याकडं तोंड करून येत होते. मधेच त्यांची एक चप्पल मागं राहिली आन् माणूस पुढं आला. एक पाऊल न्हाई, चांगली चार-पाच पावलं. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, आन् तोंडावर काही फरक न्हाई. थोरल्या आईनं, म्हंजी त्यांच्या बायकोनं, दारातनं हाक मारली, अहो, चप्पल. आप्पा थांबले. आपल्या पायाकडं बघितलं, जसं कुणा दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तसं. मग मागं गेले आन् घालून आले.

मला असलं हसू आलं म्हणता. नकला करणाऱ्याला अशी एखादी गोष्ट मिळाली म्हंजी त्याला लॉटरीच की. ताठ छाती, नजर समोर, आन् चप्पल मागं. मी आठ दिवस ओट्यावर बसून त्यांना येता-जाता बघितलं. थोडा पाय ओढायचा, मग चप्पल सोडायची, तशीच छाती ठेवून पुढं जायचं, मग थांबून मागं वळून बघायचं आन् तोंड वाकडं करायचं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत माझी मेजरची चाल पक्की झाली.

त्याच हिवाळ्यात भावकीतल्या एका बहिणीच्या हळदीला मी ती लावली. मांडवात जागा केली होती, डीजे थांबवला होता. चप्पल सुटली तवा लोकं खुर्चीवरनं खाली आली. मी दोनदा केली. दुसऱ्यांदा वळताना मांडवाच्या शेवटाला, पातेल्यांपाशी, आप्पा दिसले. हातात बादली. ते बघत होते. किती वेळ बघत होते ठाऊक न्हाई. मग बादली घेऊन पंगतीकडं गेले. पुढं कवाबी त्याबद्दल एक शब्द बोलले न्हाईत. मी म्हणलं, कळलं नसंल. माणूस सोयीचं तेच धरून बसतो.

तीन वर्षं मी ती चाल लावत होतो. कंपनीच्या आयुधपूजेला लावली, शिरूरला मित्राच्या वाढदिवसाला लावली. परप्रांतातली पोरं असतात आमच्या लाईनवर, त्यांना मेजर कोण ते माहीत न्हाई, पण तीबी हसायची. म्हणायची, भाई, वो चप्पलवाला करो.

मग ह्या उन्हाळ्यात एका रविवारी थोरल्या आईनं मला घरात बोलावलं. आप्पा शेतात होते. तिनं सांगितलं, काल ह्यांच्या तळपायाला रुपयाएवढा फोड आलाय. डांबरावर चप्पल सुटली आन् हे तसेच घरापर्यंत चालत आले. दुपारच्या बाराला. पाय पुसताना तिला दिसला, त्यांना पत्ताच न्हाई. मग म्हणाली, मला वाटायचं ह्यांचं दुखतंय. आता वाटतंय, दुखायचंबी बंद होतंय.

मी म्हणलं, दवाखान्यात न्या की.

तवा तिनं मला सगळं सांगितलं. माजी सैनिकांच्या दवाखान्यात ती त्यांना घेऊन चारदा जाऊन आली होती. डॉक्टर चांगले होते, स्वतः फौजेतले रिटायर. त्यांनी प्रत्येक वेळी नीट विचारलं, "कोई तकलीफ?" आन् प्रत्येक वेळी आप्पा खुर्चीवरनं उठून उभे राहिले आन् म्हणाले, "नहीं, साब." डॉक्टर तरी काय करणार. पेशंट म्हणतोय काही न्हाई. चोळायचं मलम द्यायचे आन् पाठवायचे.

ह्यात आप्पांची चूक काढायची तर अवघड हाय. त्यांच्या पलटणीत म्हणे महिन्यातनं एकदा सगळ्यांना बसवून मोठे साहेब विचारायचे, कोई तकलीफ? आन् शेकडो माणसं एका आवाजात म्हणायची, नहीं साब. तिथं उत्तर एवढंच असतं. ती कवायतच होती, सावधान-विश्राम असतं तशी. आप्पांनी ती बावीस वर्षं केली. रिटायर होताना तपासणी झाली, तिथंबी केली. घरी आले आन् डॉक्टर दिसला की करायलाच लागले.

थोरली आई म्हणाली, दौंडला हाडांची एक डॉक्टरीण हाय, माझ्या माहेरच्या एका माणसाला तिच्याकडं गुण आला. "तू जा बरोबर. मी बोलले की हे डोळे वटारतात. तुझं तोंड चालतं, ह्यांचं तिथं चालत न्हाई. ह्या बारीला कुणी बोललं न्हाई तर ह्यांचा पाय जाईल बघ."

मी म्हणलं, बोलतो. त्यात काय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आन् मोटरसायकलवर निघालो. आप्पा मागं बसले. बसताना काय केलं ते मला दिसलं न्हाई. मागं बसलेल्याचा पाय पुढच्याला दिसत न्हाई. नदीवरचा पूल आला. पूल ओलांडला की दौंड तालुका. पुलावर दर थोड्या अंतरावर सांधे हायत, त्याच्यावरनं गाडी गेली की टक्कन उडते. पहिल्या सांध्यावर माझ्या मानेमागं आवाज आला, दातातनं हवा आत ओढल्याचा. दुसऱ्या सांध्यावर परत. मी गाडी बारीक केली. तरी प्रत्येक सांध्यावर तो आवाज आलाच. मी एवढी वर्षं आप्पांना लावत होतो, पण हा आवाज माझ्याकडं न्हवता. विचारलं, "आप्पा, थांबू का जरा?"

"चल," ते म्हणाले. "पूल हाय, थांबायची जागा हाय का ही."

दौंडला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर. हाडांच्या दवाखान्याला जिने का ठेवतात, देव जाणे. आप्पा कठडा धरून चढले, वर गेल्यावर शर्ट खाली ओढला, केसांवरनं हात फिरवला आन् आमचा नंबर आल्यावर असे आत गेले जसे परेडलाच चाललेत.

डॉक्टरीणबाई वयानं बऱ्याच लहान होत्या. मराठीत म्हणाल्या, "बसा काका. काय त्रास होतोय?"

आप्पा बसले न्हाईत. "कोई तकलीफ नहीं, मॅडम."

बाई मराठी, आप्पा मराठी, मी मराठी, आन् उत्तर हिंदीत. एरवी मी हसलो असतो. मी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आन् मी, ज्याचं तोंड चालतं तो, मिटून घेतलं. त्या बघण्यात राग न्हवता. मला वाटलं, ह्या माणसाचं काहीतरी उघडं पडेल आन् ते मी करेन.

बाईंनी त्यांना चालून दाखवायला सांगितलं. खोली लहान. आप्पा भिंतीपासनं दारापर्यंत चालले. चार पावलं. छाती ताठ, पाय सरळ, कुठं ओढणं न्हाई. मी म्हणत असतो ना, चालताना खोटं बोलता येत न्हाई. आप्पा चार पावलं साफ खोटं बोलले. दारापाशी पोचून वळले तवा कानामागनं घामाची धार खाली आली होती. ती बाईंना दिसली नसावी, मी त्या बाजूला होतो म्हणून दिसली.

बाई म्हणाल्या, चाल तर ठीक वाटतीय. आन् कागद ओढला.

मी म्हणलं, "मॅडम, मी चालून दाखवू का?"

"तुम्हालाही त्रास आहे?"

"न्हाई. ह्यांचं चालून दाखवतो."

त्यांना काय कळलं न्हाई. मी थांबलोच न्हाई, थांबलो असतो तर केलं नसतं. चप्पल ढिली केली आन् चाललो. पाय ओढला, चप्पल सोडली, चार पावलं पुढं गेलो, थांबलो, वळलो. हळदीत जिथं लोकं खुर्चीवरनं पडली होती तिथं ह्या खोलीत नुसता पंख्याचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नकलेला कुणी हसलं न्हाई.

डॉक्टरीणबाई माझ्या सुटलेल्या चपलेकडं बघत होत्या. मग त्यांनी आप्पांना टेबलावर झोपवलं आन् मी ओढला होता तो उजवा पाय हातात घेतला. छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडाला. अंगठा वर उचला म्हणाल्या. उचलला. टाचणी टोचली. टोचतंय म्हणाले. सगळं ठीक. त्या डाव्याकडं वळल्याच असत्या, डॉक्टर दोन्ही बघतातच, हे मला आता कळतं. पण तेवढ्यात आप्पा टेबलावरनं बोलले. बाईंशी न्हाई, माझ्याशी. आवाज मैदानावरचा.

"गलत. बायाँ पैर. हळदीतबी तू उजवाच केला होतास."

तीन वर्षं त्यांना ठाऊक होतं. आन् तीन वर्षं मी चुकीच्या पायानं चालत होतो. ओट्यावर समोर बसून शिकलो होतो ना. समोरच्याचा डावा तो माझ्या उजव्या हाताला. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं. आप्पा स्वतःचं दुखणं कुणाला सांगू शकत न्हवते, पण पाय चुकलेला त्यांना सोसवंना. ते उस्तादाला पचत न्हाई.

ते उठून बसले. दोन्ही हातांनी टेबल धरलं. "परत कर. डाव्यानं."

मी केलं.

"असं न्हाई. तू लंगडतोस. मी लंगडतो का? माझं पाऊल खाली लोंबतं, बोटं अडकतात. म्हणून गुडघा वर घ्यायचा. हां. आता टाक. टाच न्हाई टेकायची आधी, बोटं पडतात आधी. चपाक करून."

मी गुडघा वर घेतला, बोटं आधी टाकली. चपाक आवाज आला. आमच्या अंगणातला आवाज. मी तो कायम ऐकत आलो होतो आन् कुणाचा ते मला ठाऊक न्हवतं.

"आन् चप्पल सुटल्यावर तू मागं वळून बघतोस, लोकांना हसवायला. मी न्हाई बघत. मला कळतच न्हाई सुटलेली. आन् तोंड वाकडं करू नको. मी कवा केलं तोंड वाकडं?"

डॉक्टरीणबाई शहाण्या निघाल्या. त्या आप्पांकडं वळल्याच न्हाईत. माझ्याकडं बोट दाखवलं आन् हळूच विचारलं, "ह्यांना कुठं दुखतं?"

"ह्याला?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी डावा गुडघा वर धरून तसाच उभा. खाली ठेवावा का न ठेवावा, कळंना.

"ह्याला कमरेत सुरू होतं," आप्पा म्हणाले. "डाव्या अंगाला. तिथनं मांडीच्या मागनं, पोटरीच्या भायेरनं, पार अंगठ्यापर्यंत. तापलेली तार आतनं ओढावी तसं."

"सारखं?"

"सारखं. उभा असला की जरा बरं. बसला की वाढतं. शिंकला तर डोळ्यापुढं अंधार."

"झोप लागते?"

"न्हाई. घरच्यांना वाटतं झोपलाय. ह्यानं नुसते डोळे मिटलेले असतात."

"किती वर्षं झाली ह्यांना?"

"अठरा. ट्रकवरनं पडल्यापासनं. गोळी न्हाई लागली ह्याला."

बाई म्हणाल्या, "गोळी लागलेल्यालाच दुखतं असं नाही, काका."

मग बाईंनी विचारलं, ह्यांना लघवी रोखता येते का. आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर मणक्याचं चित्र होतं, ते बघितल्यासारखं केलं.

"कवा कवा न्हाई," ते म्हणाले. "दोन महिने झालं."

दोन महिने आप्पा पारावर आले न्हवते. साखरपुड्याला आले न्हवते, दशक्रियेला आले न्हवते. पोरं म्हणायची, मेजरला आता माणसं नको झालीत. मीबी म्हणलं होतं.

बाईंनी आता डावा पाय धरला. अंगठा वर उचला म्हणाल्या. आप्पांनी उचलला, म्हंजी उचलत होते, मानेची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. अंगठा जागेवर. टाचणी टोचली. आप्पांनी विचारलं, टोचली का? बाईंनी टाचणी बाजूला ठेवली आन् विचारलं, चप्पल कधीपासून सुटते?

"ध्यानात न्हाई," आप्पा म्हणाले.

माझ्या ध्यानात होतं. मी म्हणलं, "ही चौथी दिवाळी येईल." बाईंनी लिहून घेता घेता विचारलं, तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं? आप्पाच म्हणाले, "त्याचं ध्यान लय हाय माझ्याकडं."

ते टोमणा मारत होते का न्हाई, मला अजून कळलं न्हाई.

त्याच दिवशी पुण्याला न्यायचं ठरलं. बाईंनीच फोन केले. थोरली आई शेजाऱ्यांच्या गाडीतनं आली, पिशवी भरून, तिनं ती आधीच भरून ठेवली असावी. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मणक्यातनं निघणाऱ्या नसा दाबल्या गेल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला चांगलं समजावून सांगितलं. लघवीचं नीट होईल. दुखणं कमी होईल, पूर्ण जाणार न्हाई. पाऊल मात्र परत उचललं जाईल असं सांगता येत न्हाई, ती नस लय दिवस दबली. चप्पल पहिल्यांदा सुटायला लागली तवाच आला असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. त्यांनी ते सहज म्हणलं. त्यांना काय माहीत समोर कोण उभाय.

ती चप्पल पहिल्यांदा सुटलेली सगळ्या गावात एकट्या मीच नीट बघितली होती. थोरल्या आईनं नुसती पडलेली बघितली, मी सुटताना बघितली. किती पावलं गेले ते मोजलं. आठ दिवस बसून बघितलं. एवढं तर डॉक्टरबी बघत न्हाईत. आन् मग मी काय केलं, तर पाठ केलं.

हे मी आप्पांना एकदाच बोललो. दवाखान्यातनं घरी आल्यावर, पहिल्या आठवड्यात. ते पाठीला पट्टा बांधून बाकड्यावर पडले होते. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तू चौथी दिवाळी म्हणालास. मला तर तेबी ठाऊक न्हवतं." आन् कूस बदलायला माझा हात मागितला. माफ केलं का न्हाई ते त्यात न्हवतं. मी हात दिला.

आता आप्पांच्या डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी असते, बुटाच्या आत जाते, पाऊल वर धरून ठेवते. चप्पल बंद झाली. चपाक आवाजबी बंद झाला. अंगण त्यामुळं जरा सुनं वाटतं, पण हे मी कुणाला सांगत न्हाई. झोप लागते त्यांना, रात्रीतनं चार-पाच तास. पंगतीला खुर्चीवर बसतात. पहिल्या वेळी बसले तवा एक पाव्हणा म्हणाला, "मेजर, आज वाढायचं सोडून? म्हातारे झालात की ओ." आप्पा म्हणाले, "व्हय." एवढंच. गावात कुणी विचारलं कसं काय, तर अजून ठीक हाय म्हणतात. ते सुटणार न्हाई.

तपासणीला दौंडला जायचं असलं की आदल्या दिवशी मला अंगणात चालायला लावतात. स्वतः खुर्चीत बसतात. पण समोर न्हाई. मला पाठमोरं चालायला सांगतात, म्हंजी डावा तो डावा राहतो. चुकलं की तोच आवाज येतो, गलत. मग ते सांगतात, आज दुखणं गुडघ्यापर्यंतच हाय, खाली न्हाई, किंवा आज बोटांना मुंग्या हायत. मला सांगतात असं न्हाई. "तो" म्हणून सांगतात. तो काल पायरीवर थांबला. त्याला सकाळी बूट घालायला वेळ लागला. दवाखान्यात बाई विचारतात, आप्पा "ठीक है" म्हणतात आन् माझ्याकडं मान हलवतात, आन् मी उठून चालतो. बाहेर बसलेल्या पेशंटांना दारातनं दिसतं. त्यांना वाटतं, आजारी मीच हाय.

पारावर पोरं अजून म्हणतात, मेजर लाव. मी दुसरं माणूस लावतो.

गेल्या आठवड्यात मी घरी होतो. आप्पा शेताकडनं आले आन् उंबऱ्याशी आल्यावर त्यांचा हात चौकटीला लागला. नुसता लागला, धरली न्हाई. जाताना लागला, परत येताना लागला. महिन्याभरापूर्वी लागत न्हवता. मी ओट्यावर बसलो होतो, त्याच जागेवर. मी दोनदा बघितलं आन् तिसऱ्यांदा बघायची वाट बघितली न्हाई. दौंडला फोन लावला.

तिकडनं नंबर देणारी मुलगी बोलली. पेशंटचं नाव लिहून घेतलं. म्हणाली, त्रास काय आहे, कुठला पाय?

मी सवयीनं म्हणलं, "डावा..."

समोरच्या घरातनं, बाकड्यावरनं, आप्पांचा आवाज आला. मैदानावरचा न्हवता, साधा होता.

"उजवा सांग. ह्या बारीला उजवा हाय माझा."